तारेचा हँगर

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळत आलो. टाळणं सोपं होतं, कारण कुणी कधी विचारलंच नाही. आता ऐंशी उलटली. विसरलो म्हणून सुटता येईल असं वय आहे, पण नेमकं हेच मला लख्ख आठवतं.

इथं अमेरिकेत आम्ही सहा-सात निवृत्त मराठी माणसं दर बुधवारी लायब्ररीत जमतो. बहुतेक सगळे इंजिनिअर. कुठल्या तरी शाळेत एखाद्या पोरानं गोळीबार केल्याची बातमी आली, की पंप का फुटला याचं कारण शोधावं तसे आम्ही कामाला लागतो. एक म्हणतो, घराघरांत बंदुका. दुसरा म्हणतो, बंदुका पूर्वीही होत्या, हे व्हिडिओ गेम्सचं. तिसऱ्याच्या मते आईबापांना वेळ नाही. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "आपल्या मुलांत नाही बाबा असलं काही." सगळे मान डोलावतात. मीही डोलावतो आणि थर्मासमधला चहा ओततो.

मी या विषयातला जाणकार नाही. टिंगल झालेली बहुतेक मुलं पुढे कुणालाही इजा करत नाहीत, हेही मला कळतं. पण एक मुलगा त्या वाटेवर दोन पावलं गेला होता, आणि पहिल्या पावलाला धक्का माझा होता.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. आम्ही वेस्ट विंडसरमध्ये नुकतं घर घेतलं होतं. आजूबाजूच्या गावांतली मिळून पन्नासेक मराठी घरं, आणि त्यांचं एक मंडळ. संक्रांतीचा कार्यक्रम जानेवारीत, एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन व्हायचा. तिळगूळ वाटून झाला की माझे फिशपॉन्ड. कॉलेजच्या गॅदरिंगमधली ही प्रथा मीच इकडे आणली होती. लोकांनी डब्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, मी त्या स्टेजवर वाचायच्या आणि ज्याला फिशपॉन्ड लागला त्याला वर बोलावून एक वस्तू भेट द्यायची. नियम एकच: हसायचं. जो चिडला तो हरला.

चिठ्ठ्या निनावी असल्या तरी निम्म्या मीच लिहायचो, हे सगळ्यांना माहीत होतं. एका डॉक्टरांचा बीपर नेमका खुर्च्या आवरायच्या वेळी वाजायचा, त्यांना मी घडीची खुर्ची दिली होती. एका वहिनींच्या सांबारात भाज्या शोधाव्या लागायच्या, त्यांना टॉर्च. वहिनी टॉर्च माझ्या तोंडावर मारत म्हणाल्या, "आधी तुमची अक्कल शोधते." हशा थांबेना. गोड बोला म्हणून तिळगूळ द्यायचा आणि अर्ध्या तासानं हे असलं बोलायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

त्या वर्षी एक कुटुंब नवीन होतं. नागपूरहून येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. मुलगा पंधराचा, उंच, काटकुळा. इथं जन्मलेली आमची मुलं इंग्रजीत भराभर बोलायची, त्याला ते जमत नव्हतं. मोठ्यांत बसायचं त्याचं वय नव्हतं. म्हणून तो दाराजवळ, जिथं सगळ्यांचे कोट टांगले होते, तिथं खुर्ची टाकून बसायचा. मला ते दिसलं आणि वाटलं, काय झकास फिशपॉन्ड आहे.

मी वाचलं, "मागच्या कार्यक्रमात मी ज्याच्यावर चुकून माझा कोट अडकवणार होतो, त्या मुलाला." आणि ड्राय क्लीनरकडून येतो तसला तारेचा हँगर त्याच्या हातात दिला. हशानं कॅफेटेरिया दणाणलं. त्याची आई डोळे पुसेपर्यंत हसली. तोही हसला. नियमच होता.

फेब्रुवारीत एकदा जेवताना माझी मुलगी म्हणाली, की बसमधली चार मुलं त्याला 'हँगर' म्हणतात. सकाळी चढला की आपली जॅकेट्स त्याच्या खांद्यांवर आणि डोक्यावर टाकतात.

"त्यांना कसं कळलं?" मी विचारलं.

"आय टोल्ड देम. इट वॉज फनी व्हेन यू डिड इट, बाबा."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बरं, आता पुरे," आणि भात मागितला.

आमचे शेजारी साठीतले अमेरिकन गृहस्थ होते. पूर्वी सैन्यात होते, आता हरणांची शिकार आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणं हे दोन छंद. मी भारतीय म्हणजे डॉक्टरच असणार असं धरून ते मला 'डॉक' म्हणायचे. मी केमिकल इंजिनिअर आहे हे तीनदा सांगून पाहिलं. चौथ्यांदा त्यांनी मला गुडघा दाखवला, तेव्हा नाद सोडला. हा मुलगा शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये हाताखाली काम करायला यायचा.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी गाडी धूत होतो. शेजारी कुंपणाशी आले.

"डॉक, तुझ्याशी जरा बोलायचंय. त्या पोरानं काल माझी रायफल मागितली."

"कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, बसमधल्या चौघांना फक्त घाबरवायचंय. हा 'फक्त' मी सैन्यात फार ऐकलाय."

"मग?"

"मग काय, बसवला, सूप पाजलं आणि दोन तास ऐकून घेतलं. मला इतका वेळ गप्प बघून बायको विचारायला आली, तब्येत बरी आहे ना. आज सकाळी सगळ्या बंदुका भावाकडे पोचवल्या. आता त्याच्या आईबापांकडे चाललोय. तूही चल, तुमच्या भाषेत सांगायला बरं पडेल." मग म्हणाले, "तुझी मुलगी त्याच बसमध्ये असते ना? हे हँगर नाव कुणी पाडलं रे?"

होस माझ्या हातात होता आणि पाणी बुटात चाललं होतं.

"काय माहीत," मी म्हणालो. "शाळेतली पोरं असतील."

मुलाच्या घरी आईनं रडत रडत त्याला तोच प्रश्न विचारला. "अरे, कुणी ठेवलं हे नाव?" मी सोफ्यावर, हातात पोह्यांची बशी. ती माउली संक्रांतीची ती भेट साफ विसरली होती. मुलानं माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग म्हणाला, "शाळेतल्या मुलांनी."

आईनं डोळे पुसले आणि मला आणखी पोहे वाढले. मी ते खाल्ले.

पुढचं सगळं चांगलं झालं, तेही सांगायला हवं. वडील आणि शेजारी मिळून मुख्याध्यापकांना भेटले. शेजाऱ्यांचा आवाज ऑफिसाबाहेर ऐकू येत होता म्हणतात. चौघांची बस बदलली. शाळेतल्या एक बाई मुलाशी दर आठवड्याला बोलू लागल्या. आणि शेजाऱ्यांनी त्याला गवत कापायचं एक जुनं यंत्र दुरुस्त करायला लावून ते बसून चालवायला शिकवलं. त्या उन्हाळ्यात तो ते घेऊन आमच्याही अंगणात फिरायचा आणि बायकोची कोथिंबीर सपाट करायचा. ती ओरडली की म्हणायचा, "काकू, गवतच वाटलं." आता तो हसायचा ते नियम म्हणून नव्हे.

मी घशाचं कारण सांगून फिशपॉन्ड बंद केले. पण मंडळात विषय निघाला की अमेरिकन शाळांना नावं ठेवण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. दोन वर्षांनी वडिलांना नॉर्थ कॅरोलायनात नोकरी मिळाली आणि ते लोक गेले.

माझी मुलगीही आता नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला असते. तिच्यापासून दहा मिनिटांवर तो मुलगा राहतो. डेंटिस्ट आहे, अफाट बोलतो, आणि समोरच्याचं तोंड उघडं असताना प्रश्न विचारायची त्याला खोड आहे. काही वर्षांपूर्वी त्यानं आम्हा सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. त्याला सांगायचं वाक्य मी गाडीत व्हर्जिनियापासून पाठ करत आलो होतो. बायको म्हणाली, "अहो, ओठ काय हलवताय? स्तोत्र म्हणताय का?"

दारात तो म्हणाला, "या काका, कोट द्या. इतका जड कोट इकडे कशाला? स्वेटरवर भागतं." आणि त्यानं तो जाड लाकडी हँगरला नीट टांगला. मी तिकडे बघायचं टाळलं.

निघताना तो कोट घेऊन गाडीपर्यंत आला. मला बाह्या घालता याव्यात म्हणून त्यानं तो मागून धरला होता. बाकीचे अजून घरात बोलत होते.

"तुला एक सांगायचं होतं," मी म्हणालो.

"बोला ना काका."

तो थांबला. एक बाही झाली होती, दुसरी राहिली होती.

"दाढ दुखते," मी म्हणालो.

त्यानं तिथंच फोनचा दिवा लावून माझी दाढ पाहिली. म्हणाला, "काहीच नाही काका, ठणठणीत आहे." आणि दुसरी बाही घालायला मदत केली.

पाठ केलेलं वाक्य हे होतं: ते नाव शाळेतल्या मुलांनी नाही, मी ठेवलं. तुला ते ठाऊक होतं आणि तुझ्या आईसमोर तू मला सांभाळून घेतलंस. तू पंधराचा होतास, मी चाळिशीचा. चुकलो मी. मला माफ कर.