कुळिथाच्या शोधात

हुलग्याचे शेंगोळे लसणाच्या रश्शात रटरटू लागले की तो वास मला थेट शेवगावच्या बाजारात नेऊन उभा करतो. तेव्हा पोट पुढे आणि मी मागे, अशी माझी स्वारी चाले. कोकणातून नव्याने आलेल्या डॉक्टरांनी दम भरला, "महिन्यात वजन उतरलं नाही तर गोळ्या सुरू!" आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'भात कमी, कुळीथ रोज.' गोळ्यांना मी जाम घाबरतो. हे कुळीथ म्हणजे कुठली दिव्य वनस्पती, या कुतूहलाने मी औषधांच्या दुकानापासून भाजीवाल्यांपर्यंत सगळा बाजार पालथा घातला. शेवटी दमून एका कडधान्यवाल्या मावशींच्या पोत्यावर टेकलो आणि त्यांनाही विचारलं. मावशी खदखदून हसल्या. "आवो दादा, माझी लेक दिलीय कोकणात. तिकडं हुलग्याला कुळीथ म्हंत्यात. त्याच्यावरच बसलाय तुमी! उठा, पोतं फाटंल!" हुलगे! बायको दर आठवड्याला शेंगोळे करायची आणि "हे बैलांचं खाणं" म्हणत मी ताट सरकवायचो. घरी तिने पिशवीत डोकावून विचारलं, "बैलांसाठी आणलंत का?" मी निमूट जेवायला बसलो. गोळ्या टळल्या, पण आजही वाढताना ती विचारतेच, "अहो, कुळीथ घालू आणखी?" आणि मी मान खाली घालून वाटी पुढे करतो.