खाल्ल्या मिठाचा आळ

आमचे मोठेबाबा जेवायला बसले की आधी भाजीत बोट बुडवून जिभेला लावत, मग सगळ्यांचे चेहरे न्याहाळत. "कोनाचा हात होय आज?" वणीजवळच्या कोळसा खाणीच्या फाटकावर त्यांनी जन्मभर चौकीदारी केली. ट्रकच्या ताडपत्रीखाली काय लपलंय ते हुडकायची सवय रिटायर झाल्यावर ताटावर उतरली, कारण बीपीसाठी डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं.

त्यांनी वरून मीठ घेणं सोडलं. तरी दर तपासणीला बीपी वाढलेलाच. माझे बाबा त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. त्याच भांड्यातली भाजी खात, वर मीठही घेत, तरी त्यांचा बीपी व्यवस्थित. घरात याचा एकच अर्थ निघाला, मोठेबाबा चोरून मीठ खातात. आईनं बरणी कपाटात ठेवली.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मला वाटलं, पुरावा मीच शोधावा. एका दुपारी त्यांची पेटी उघडली. शिट्टी, टॉर्च, बीपीच्या गोळ्या. बस. मागे मोठेबाबा उभे होते.

"काहून वो पोरी, झाली झडती? आता जीभ बी पाह्यून घे." त्यांनी खरंच जीभ काढून दाखवली. मला हसू आलं नाही.

नंतर वर्गात सरांनी शिकवलं, की मूत्रपिंडं मीठ किती धरून ठेवतात हे काही अंशी आनुवंशिक असतं. जनुकं एक नाही, बरीच असतात, आणि सख्ख्या भावांतही त्यांची वाटणी वेगळी होते. घरी येऊन मी जेवत बसलेल्या मोठेबाबांना अडखळत ते सांगितलं.

"तुह्या सरले हे कोनं सांगतलं? आमची माय त एकच होती."

"माय एकच, पन दोघायले सारखं आलं नाही, मोठेबाबा. तुमचं शरीर मीठ सोडतच नाही."

त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "म्हंजे खाल्ल्या मिठाले जागते! चौकीदाराचंच होय."

मी त्यांच्या ताटातल्या पापडाकडे बोट दाखवलं. यातही मीठ असतं, लोणच्यातही, आणि तुम्हाला तेवढंही बाधतं. त्यांनी पापड उजेडात धरला. "हा बी सामील होता?"

पापड-लोणचं सुटलं. पुढच्या तपासणीला बीपी थोडा उतरला. आई म्हणाली, "चोरी सोडली वाटते." मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तेव्हा बोलायला हवं होतं.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यात जड जिभेनं त्यांनी सलाईनच्या बाटलीबद्दल विचारलं, "यात काय हाय?"

"मिठाचंच पाणी आहे, काका," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी मला जवळ बोलावलं. "ध्यानात ठेवजो. हे मीठ यायनं देल्लं. म्या नाही खाल्लं."

"तुमी कधीच नाही खाल्लं, मोठेबाबा." या वेळी मी आईसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे संशयानं पाहिलं, आणि मग डोळे मिटले. ते आमचं शेवटचं बोलणं.