तीन विती लोखंड

लोखंडाचं माप मी वितीनं घेतलं होतं, एवढी मी शहाणी! हायड्रॉलिक तेलाचा वास आला की ती सकाळ अजून आठवते. ढेकळं फोडून माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा दांडा, म्हणजे टॉप लिंक, दर वेळी खाली उतरून पिळायचा मला लई कंटाळा. म्हणून सीटवरूनच लांब-आखूड होणारा हायड्रॉलिक दांडा आणायला मंचर गाठलं. “दोन पिनांत तीन विती अंतर,” मी ठसक्यात सांगितलं. दुकानदारानं स्वतःच्या रुंद पंजानं तीन विती मोजून दिल्या. शेतात तो नवा दांडा पूर्ण आखूड केला तरी चार बोटं लांबच! जुना तर मी आधीच भंगारात घातलेला. उपटलेली कांद्याची रोपं बांधावर माना टाकत होती, लावणीच्या बाया नांगरटीकडं बघत बसलेल्या, आणि चाळिशीची मी दांड्याला लाथा घालत रडत होते. सासूबाईंनी रोपांवर ओलं लुगडं पसरलं आणि जे सुनावलं, ते आता मीच सुनांना ऐकवते: “आगं, नवा आणाया जाताना जुना संगं न्यायचा! तुला बघाया आले, तवा थोरल्या सुनंला मापाला आणलीच व्हती ना मी?”