तोफेच्या तोंडात हात

सातवी ‘ब’च्या माझ्या बाळांनो (आता तुम्हीही आजोबा झाला असाल), सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून आपल्या ग्रुपवर लिहितो.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात तुम्हाला औशाच्या किल्ल्यावर नेलं होतं. तिथल्या जुन्या तोफेजवळ तोफेचीच कविता म्हणत म्हणत मी सांगितलं, या तोफेच्या नळीत आतून पीळदार खाचा आहेत, म्हणून गोळा गिरक्या घेत सरळ जायचा.

आज पाण्याच्या टँकरच्या रांगेत तेच सांगत होतो. तुमच्यातलाच मिलिंद, रणगाड्यावर तोफची होता तो, हसला. "गुरुजी, कधी हात घालून पाहिला का?"

घागरी रांगेत ठेवून आम्ही किल्ल्यात गेलो. मी कोपरापर्यंत हात घातला. आतून ताटासारखी गुळगुळीत!

"खाचा नंतर आल्या," मिलिंद म्हणाला. "जहाजावरच्या तोफांना अजून हायेत. आमच्या रणगाड्याची नळी मातर पुन्हा गुळगुळीत. गोळ्यालाच मागं पंख, बाणावानी. त्याला गिरकी नको, वेग पायजे."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तवा कुठं ठावं होतं? ट्रेनिंगला शिकवणाऱ्या उस्तादानं जुन्या तोफांची नळी आतून कशी, इचारलं, तर औशाच्या तोफेचं तुमचंच उत्तर दिलं. समदे हसले. रायफल डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारल्या. 'किसने सिखाया?' म्हणले. मी म्हणलं, शाळेत माझंच ध्यान नव्हतं."

कवितेच्या नादात मी हात घालून पाहिलं नाही, आणि पळाला तो.

बाळांनो, माझ्यापायी आणखी कोण कुठं पळालंय? आज लपवू नका, खाली लिहा.