गवतातली सोबत

कलकत्त्याच्या बेहाला भागात आमच्या शेजारी राहणारे प्राध्यापक जमिनीवरच्या लढायांचा अभ्यास करत. स्वराज्य नुकतंच आलं होतं आणि तिथं त्यांच्या विषयात कुणाला रस नव्हता. चालताना ते मध्येच थांबत, एखादा उंचवटा दाखवत आणि म्हणत, "तोफा इथं ठेवायला हव्यात." ऐकणारा पुढे निघून गेला तरी ते वाक्य पुरं करत. घरी एकटेच असत; जेवण खानावळीत.

एका हिवाळ्यात आम्ही मराठी मंडळी बजबज या गावी नदीकाठी सहलीला गेलो; प्राध्यापकही होते. मुलांनी लढाईचा खेळ मांडला आणि प्राध्यापकांना सेनापती व्हायला सांगितलं. "मला लढता येत नाही रे," म्हणत ते बाजूला झाले.

पानं वाढली तेव्हा माझी धाकटी मुलगी दिसेना आणि प्राध्यापकही. शोधत गेलो, तर ती गवतात डोळे मिटून पडली होती आणि हे तिच्या शेजारी मांडी घालून बसले होते.

"अहो, जेवायला चला."

"ही मेलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "बाकीचे विसरून गेले. आम्हीसुद्धा लढायांवर लिहिताना सैन्याबरोबर पुढे जातो. मेलेल्यांपाशी कुणी थांबत नाही."

"बाबा, मी मेला आहे," मुलगी तिच्या बंगाली वळणाच्या मराठीत म्हणाली. "खेळ संपला का?"

"संपला."

ती उठून पळाली. ते मात्र दबलेल्या गवताकडे बघत तिथेच बसून राहिले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले.

"हो, हो. जेवायला मलाही बोलावलंय, नाही का?"