काळ्या दगडाची म्हैस

"हात लावा की. चावत न्हाय."

असं म्हणून मिस्त्री समोरच्याचं मनगट धरायचे आणि त्याचा तळवा दगडावर टेकवायचे. माणूस कोण, हुद्दा काय, हे बघायचे नाहीत. आमच्या कुलगुरूंचाही हात त्यांनी एकदा असाच धरला. कुलगुरूंनी नंतर हळूच रुमालाला बोटं पुसली. मिस्त्रींच्या हाताला कायम दगडाची पूड, तळव्याच्या रेघांत बसलेली, आणि पकड अशी की सोडवून घ्यायचं सुचू नये.

ऑफिसात आम्ही त्यांना मिस्त्री म्हणायचो. ते शिल्पकार होते, पण शिल्पकार म्हटलं की खुर्ची द्यावी लागते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. विद्यापीठाचंही नाही. कोल्हापूरबाहेर माळावर उभ्या राहिलेल्या एका खासगी विद्यापीठात मी उपकुलसचिव आहे, एवढं पुरे. माझं काम बैठका बोलावणं, इतिवृत्त लिहिणं, आणि बोललं गेलेल्यातलं काय बोललं गेलंच नव्हतं ते ठरवणं.

नव्या ग्रंथालयासमोर मोठा फरसबंद चौक झाला. तिथे शिल्प हवं म्हणून समिती नेमली, मी तिचा सदस्य-सचिव. 'आपल्या मातीची ओळख सांगणारे शिल्प' अशी जाहिरात मीच लिहिली होती. काय काय नमुने आले असतील ते तुम्ही न बघता सांगाल. उघडं पुस्तक. पुस्तकातून उडणारं कबूतर. पृथ्वीच्या गोलावर मशाल. एका नमुन्यात तर तिन्ही होती.

सगळ्यात शेवटी मिस्त्री आले. रेक्झिनच्या पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि कुलसचिवांच्या पुढ्यात, काचेवर, ठेवून फडकं सोडलं. मातीची म्हैस. बसलेली, रवंथ करणारी, मान जराशी मागे वळवलेली.

"म्हैस?" कुलसचिव म्हणाले.

"व्हय. म्हस."

"विद्यापीठात?"

"मग? हिचं दूध न पिता हितं कोण मोठं झालंय? हात वर करा की."

कुणी हात वर केला नाही. कोपऱ्यात व्हीलचेअरवर संस्थेचे वृद्ध संस्थापक बसले होते, ते खुदकन हसले. म्हणाले, "मला हिनंच शिकवलं. हीच बसवा." विषय संपला. पाच मिनिटांपूर्वी तोंड दाबून हसणाऱ्या समितीला म्हैस एकदम अर्थपूर्ण वाटू लागली. एक प्राध्यापक तर मूक श्रमसंस्कृतीवर दहा मिनिटं बोलले. ते मी इतिवृत्तात सविस्तर घेतलं.

गगनबावड्याच्या रस्त्याला, फुलेवाडी मागे टाकली की त्यांचं पत्र्याचं शेड होतं. कामाची प्रगती बघायला मी महिन्यातून एकदा जायचो. "या सेक्रेटरी," म्हणून ते हाक मारायचे. आयुष्यात मला त्या हुद्द्याने हाक मारणारा तेवढा एकच माणूस.

म्हशीचं तोंड, शिंगं, गळ्याखालच्या वळ्या त्यांनी घासून घासून तुळतुळीत केल्या होत्या. पाठीवर मात्र टाकीचे घाव तसेच. मी विचारलं, "पाठ राहिली?"

"राहिली न्हाय, ठेवली. आमच्या गावात चावडीम्होरं एक धोंडा हाय. माणसं बसून बसून आरशागत झालाय. तसा दगड कुठलं मशीन करत न्हाय, सेक्रेटरी. माझं काम निम्मं. निम्मं तुमची पोरं करत्याल, बसून, हात फिरवून. वीस वर्षं लागत्याल. मी नसंन. तुमी बघा."

मग टाकी खाली ठेवून म्हणाले, "फकस्त कठडा नको. आन् चौथरा नको. हात पोचला पायजे. तेवढं कागदावर घ्या."

"घेतो," मी म्हणालो.

घेतलंही होतं. पुढच्या बैठकीच्या मसुद्यात ती ओळ होती: 'शिल्पाभोवती कठडा करू नये.' कुलसचिवांनी पेनने तिच्यावर रेघ मारली. "असलं लिहून हात बांधून घेऊ नका हो. उद्या काय लागेल, सांगता येतं का?" मी ओळ काढली. मिस्त्रींनी विचारलं, "लिवलंसा न्हवं?" मी म्हणालो, "लिहिलं."

म्हैस क्रेनने आली आणि थेट फरशीवर बसली. आठवड्याभरात तिच्या पाठीवर डबे उघडले जाऊ लागले. शिरोळकडची एक मुलगी आपली सॅक रोज शिंगाला अडकवून ग्रंथालयात जायची. मिस्त्री शनिवारी यायचे आणि पायरीवर बसून नुसते बघायचे. "त्यो उंच पोरगा बघा. जाता-येता शेपटीच्या बुडाला थाप मारतो. तितनंच चमक सुरू हुनार." असा सुखी माणूस मी आमच्या आवारात पुन्हा पाहिला नाही.

संस्थापक अंथरुणाला खिळले, आणि त्याच वर्षी पदवीदान समारंभाला कुणी मोठे पाहुणे यायचे ठरले. मोठे पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो, तुम्हाला माहीत आहे. झाडांच्या बुंध्यांना गेरू, कडेच्या दगडांना चुना. कुलसचिव म्हणाले, "चौकातलं सगळं चकचकीत दिसू दे." यादी घेऊन मी चौकात उभा होतो. रंगारी जवळ आला.

"सायेब, म्हस बी?"

तो काय विचारतोय, ते मला नीट कळलं होतं. नाही म्हणायला अर्धा श्वास लागला असता. फाटकातून कुलसचिवांची गाडी आत येत होती. मी म्हणालो, "सगळं म्हणजे सगळं."

रंगारी खूश झाला. "मग शिंगं सोनेरी करतो. पाडव्याला करतो तशी." दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे म्हशी नटवतात, शिंगं रंगवून गल्लीतून पळवतात. त्याने मायेने रंगवलं होतं. त्याच्यावर माझा राग नाही. काळ्या दगडावर काळा ऑइल पेंट, सोनेरी शिंगं, कपाळावर लाल टिळा. पाहुण्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोनवर बोलत पुढे गेले.

शनिवारी मिस्त्री आले. तळवा पाठीवर ठेवला, उचलला. पंजा काळा झाला होता.

"ह्ये काय केलंसा?"

"ठेकेदाराची चूक," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून ते थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन येऊ लागले. शिंगांचा रंग निघाला, तोंडाचा निघाला. पाठीचा निघेना. टाकीच्या एकेका घावात रंग भरून बसला होता. अणकुचीदार दाभणाने ते एकेक घाव कोरत बसायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळून, भर एप्रिलच्या उन्हात. सत्तरीचा माणूस. विद्यापीठाने मदतीला एक माणूस दिला नाही. मी मागितलाच नाही. माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं.

चौथ्या दिवशी खाली गेलो. वर न बघता म्हणाले, "रंगारी आमच्याच गल्लीतला हाय, सेक्रेटरी."

मग त्यांनी माझं मनगट धरलं, नेहमीसारखं. मला वाटलं, हात दगडावर टेकवतील. त्यांनी तळव्यात दाभण ठेवलं. "बसा. एक घाव तरी साफ करा."

"मीटिंग आहे," मी म्हणालो. मीटिंग नव्हती. वर जाऊन मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पाठ अर्धी साफ झाली आणि कठडा आला. कुणा पोराचा गुडघा खरचटला, पालकांचा अर्ज आला. कुलसचिवांना एवढंच निमित्त हवं होतं. छातीइतकं स्टीलचं रेलिंग आणि त्यावर पाटी: 'शिल्पास हात लावू नये.' मजकूर मंजुरीला माझ्याकडेच आला होता. त्यात एक वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त केली.

मिस्त्री तडक कुलसचिवांच्या केबिनमध्ये गेले. त्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "कठडा करायचा न्हाय, असं मिनिटबुकात लिवलंय! काढा भाईर!"

कुलसचिवांनी मानही वर केली नाही. "काढा हो इतिवृत्त. होऊन जाऊ दे."

मी फाइल आणली. मिस्त्रींनी चष्मा लावला आणि प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत तिन्ही पानं वाचली. मूक श्रमसंस्कृतीसुद्धा वाचली. शेवटी माझ्या सहीपाशी बोट थांबलं.

तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. 'ती ओळ होती. तुम्ही सांगितलंत म्हणून मी काढली.' माझ्या मुलीचा प्रवेश त्याच महिन्यात, त्याच केबिनमधून व्हायचा होता. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगतो. मी पंख्याकडे बघत उभा राहिलो.

मिस्त्रींनी फाइल मिटली. "न्हाय खरं. माझ्याच ऐकण्यात चूक झाली आसंल. सेक्रेटरींचा काय दोष न्हाय."

मला त्या माणसाने वाचवलं. मला शिव्या घातल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर आज मी सुखाने झोपलो असतो. कुलसचिवांचा राग येतो, समितीचा येतो, फोनवर बोलत गेलेल्या पाहुण्यांचा येतो. पण त्या उभ्या राहिलेल्या, पंख्याकडे बघणाऱ्या माणसाचा जेवढा येतो तेवढा कुणाचाच येत नाही.

त्यानंतर ते विद्यापीठात आले नाहीत. गेल्या श्रावणात गेले. दुखवट्याचा ठराव अर्थात मीच लिहिला. 'विद्यापीठाच्या जडणघडणीत मोलाचे योगदान.' सगळे दोन मिनिटं उभे राहिले. दोन कुठली, चाळीस सेकंद. मी घड्याळ बघत होतो.

त्या आठवड्यात मी टिपण सादर केलं. कठडा काढावा, तो करू नये अशी ओळ मसुद्यात होती, ती मी काढली, असं स्पष्ट लिहिलं आणि खाली सही केली. टिपण परत आलं. शेरा होता: 'मूळ इतिवृत्तात तशी नोंद आढळत नाही. फाइल बंद करावी.'

आता जेवणाच्या सुट्टीत मी चौकात जातो. रेलिंगच्या गजांतून हात घालतो. खांद्यापर्यंत घातला की शेपटीच्या बुडाशी जेमतेम पोचतो. पहिल्या दिवशी वॉचमनने शिट्टी मारली, पोरं हसली. आता कुणी काही म्हणत नाही. मी हात फिरवत राहतो. टाकीचे घाव अजून तळव्याला टोचतात, त्यांत रंग अजून आहे. एकट्या माणसाच्या हाताने किती वर्षं लागतात, हे विचारायला आता ते नाहीत.