मामांच्या कान्याचा घेर

अख्ख्या नाशिकात पाट्यांना घाबरणारा माणूस एकच, आमच्या हिचे धाकटे मामा. कुत्र्यांना ते घाबरत नाहीत, मामींनाही फारसे नाहीत; पण गंगापूर रोडवर एखाद्या दुकानाची नवी पाटी दिसली की माझा दंड घट्ट धरतात. "जावईबापू, तो काना पाहा. तोल गेलाय. आता पडेल." मामा छपाईसाठी फॉन्ट बनवतात आणि त्यातही जीव एकाच जातीवर, फ्लेअर्ड सेरिफवर. या अक्षरांना खाली वेगळी पावलं जोडलेली नसतात. रेघच मध्ये बारीक असते आणि टोकाकडे जाता जाता हळूच पसरते, दगडात छिन्नीनं कोरल्यासारखी. मामा त्याला घेर म्हणतात. मी एकदा "म्हणजे बेलबॉटम" म्हणालो, तर कितीतरी दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

भीती तर त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. इथल्याच एका वाइनच्या बाटलीसाठी त्यांनी अक्षरं करून दिली. लेबल इतकं देखणं झालं की न पिणारेही बाटली हातात घेऊन पाहायचे. मामांनी मात्र धसका घेतला. "ही अक्षरं मोठी असली तरच शोभतात हो. उद्या कुणी गोळ्यांच्या पाकिटावर बारीक करून छापली, तर घेराला घेर चिकटेल, आणि इंग्रजी तीनाचा आठ वाचून एखादा जिवाला मुकेल." मग मेडिकलमध्ये जाऊन पाकिटं तपासत बसायचे. दुकानदार त्यांना सरकारी साहेब समजून चहा पाजायचा.

गेल्या हिवाळ्यात मामा पाट्यांना घाबरेनासे झाले, आणि घाबरलो मी. एका बेकरीची ठोकळेबाज पाटी बघून म्हणाले, "वा, काय घेर सोडलाय." त्या अक्षरांना घेर नव्हताच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर मामांनी तक्ता घडाघडा वाचला आणि डॉक्टर खूश. उतरताना जिन्यात त्यांची पायरी चुकली. "तक्ता दिसतो, मग पायरी कशी दिसत नाही?" म्हणून मी रागावलो, तेव्हा कठड्याला धरून म्हणाले, "तक्त्याचा फॉन्ट ओळखीचा होता हो. नुसते धुरकट डाग दिसत होते, ठेवणीवरून ओळखले. डोळे गेले असं ते म्हणाले असते, तर मी काय करायचं होतं?" तसंच परत वर नेलं. पडद्याचं दुखणं निघालं. आहे तेवढी नजर इंजेक्शनांनी टिकेल, गेलेली परत यायची नाही.

आता मामा आमच्याकडे आले की बेल वाजवत नाहीत. दाराशेजारी आमच्या नावाचा काळा दगड आहे, आमच्या लग्नात त्यांनीच अक्षरं काढून कोरून घेतलेला. मी दार उघडतो, तेव्हा त्यांचं बोट कान्यावरून खाली येत असतं आणि टोकाशी, जिथे रेघ पसरते तिथे, जरा रेंगाळतं. परवा बोट तिथेच ठेवून त्यांनी माझा दंड धरला. "जावईबापू, दगड पक्का बसवलाय ना? पडायचा नाही ना?"

किती दिवसांनी मामा पाटीला घाबरले होते. मला इतकं बरं वाटलं, की "पक्का आहे, मामा" म्हणत मी दगड दोन्ही हातांनी हलवून दाखवला.